गॅसची गोळी

आज राउंडला वणीकडच्या एका आजीनं पिशवीतून पन्नी काढली. आत पॅन्टोप्राझोल ४०ची, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या 'गॅसच्या गोळी'ची, चार पानं. तीन वर्षांपूर्वी तापासाठी भरती होती तेव्हा सुरू झालेली. पोटाची तक्रार तेव्हाही नव्हती, आताही नाही. तरी कापूस वेचणीच्या मजुरीतून दर महिन्याला मेडिकलमधून आणते.

"बंद करा म्हनून कोनी सांगतलंच नाही, बाप्पा."

चूक आम्हा डॉक्टरांची. अल्सर असेल, म्हातारपणी रोजची दुखण्याची गोळी असेल, तर ही हवीच. पण सलाईनसोबत सवयीनं प्रत्येकाला? वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आजीच्या पायांना मुंग्या येतात. बी-१२ तपासायला पाठवलंय. डिस्चार्ज कार्डावर लाल पेनानं लिहिलं: ही गोळी बंद. काही दिवस-आठवडे जळजळ होऊ शकते, घाबरू नका, हेही नातवाला समजावलं.