कारण काही नाही, झोपणार आहे

अमेरिकेत, अटलांटातल्या आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जावर कारण लिहायची सक्ती नाही, तरी सगळे लिहितात. डेंटिस्ट, मुलाची शाळा, कुणाला तरी एअरपोर्टवरून आणायचंय. आम्ही देशी मंडळी तर एकाला दोन कारणं जोडतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी परवा शुक्रवारची रजा टाकली. साहेबांनी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही, झोपणार आहे." साहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

या बाई साठीच्या आसपासच्या, कृष्णवर्णीय, जन्मापासून अटलांटाच्या. बिलिंगमध्ये काही त्रांगडं झालं की त्यांना विचारा. रविवारी चर्चमधलं जेवण त्यांच्याकडे, नातवंडं त्यांच्याकडे, आजारी बहिणीची औषधं त्यांच्याकडे. किती खंबीर बाई, असं सगळे म्हणतात, आणि नेमकं तेच त्यांना आवडत नाही. "एकदा खंबीर म्हटलं की मदत करायला नको, हनी," असं डबा खाताना त्या मला म्हणाल्या होत्या.

एक दिवस झोपली बाई, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण या शहरात कृष्णवर्णीय बाईनं किती राबायचं हे नेहमी दुसऱ्यानंच ठरवलंय. गुलामगिरी गेली तरी ते सुटलं नाही. कपडे धुणाऱ्या बायकांचंच बघा. पाणी वाहून आणायचं, साबण घरी करायचा, गव्हाच्या कोंड्याची खळ काढायची, इस्त्री करून गठ्ठे पोचवायचे. आणि महिन्याकाठी हातात चार ते आठ डॉलर. 1881 च्या जुलैत त्यांनी संप पुकारला. सुरुवातीला जेमतेम 20 जणी होत्या, तीन आठवड्यांत 3,000 झाल्या. पोलिसांनी अटका केल्या. नगरपालिकेनं वर्षाला 25 डॉलर परवाना फीची धमकी दिली. बायकांनी महापौरांना पत्र धाडलं: 25 काय, 50 सुद्धा भरू, पण शहराचं धुणं आमच्या ताब्यात राहील! हे वाचलं तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली.

पुढे 1935 ला सरकारी पेन्शनचा कायदा आला, 1938 ला किमान वेतनाचा. दोन्हींतून घरकाम आणि शेतमजुरी वगळली, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय बायका बाहेर. घरकामाला किमान वेतन मिळायला 1974 उजाडलं. आई-आजीला बसलेलं कधी पाहिलं नाही अशा घरात वाढल्यावर आडवं होताना अपराधी वाटणारच. त्याची किंमत शरीर मोजतं. बाळंतपणात दगावण्याचं प्रमाण आजही इथे कृष्णवर्णीय बायकांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे.

याच अटलांटात 2016 मध्ये ट्रिशिया हर्सी या बाईंनी चक्क झोपेची चळवळ सुरू केली. लोकांनी जमायचं, उशा-चटया अंथरायच्या आणि एकत्र डुलकी काढायची. मला आधी हसूच आलं, आपल्याकडे कीर्तनात हे आपोआप होतं. पण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही: ज्यांच्या पूर्वजांच्या अंगमेहनतीवर हा देश उभा राहिला, त्यांनी विश्रांती कमवावी लागते हे मानूच नये.

माझी कुरकुर वेगळी आहे. आमच्या बाईंना पगारी रजा आहे म्हणून शुक्रवार जमला. रात्री आमचं ऑफिस झाडणारीला कंत्राटदार ती देत नाही आणि आमच्या जॉर्जिया राज्याचा कायदाही ती द्यायला लावत नाही. देशभराचा 1993 चा रजेचा कायदा आहे, 12 आठवड्यांचा, पण बिनपगारी, आणि तोही आजारपण, बाळंतपण असल्या कारणांसाठीच. नुसतं दमलेय म्हणून नाही. अपराधीपणा झटकला तरी घरभाडं कोण भरणार?

आणि अमेरिकेला नावं ठेवून मोकळं होऊ नका. वामकुक्षीचा आपल्याला मोठा अभिमान, पण आमच्या घरी ती आजोबांची आणि बाबांची. आई तेव्हा तांदूळ निवडायची. निदान निवडता निवडता भिंतीला टेकायची तरी. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना तेवढंही नव्हतं. त्या आल्या नाहीत की तो खाडा, मग कारण ताप असो की लग्न. "आज नुसती झोपणार आहे" असा निरोप त्यांनी धाडला असता, तर वाड्यात आठवडाभर तोच विषय झाला असता. आमची आई खाड्याचे पैसे मात्र कापत नसे, हे आवर्जून सांगते.