एल्वा नदीकाठी: रस्ता नदीने नेला आहे, हे जाणूनच निघा

गेल्या ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील रेडमंडहून त्याच राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात एल्वा नदी पाहण्यासाठी गेलो, तेव्हा पाडलेल्या ग्लाइन्स कॅनियन धरणाच्या अवशेषांपर्यंत मोटार जाते असे आम्हाला दोन ठिकाणी खात्रीने सांगण्यात आले होते. ते साफ चुकीचे आहे. मोटार मॅडिसन धबधब्याच्या वाहनतळावर थांबते, कारण त्यापुढचा रस्ता नदीने पुरात कापून नेला आहे. तेथून धरणाच्या सांडव्यावरील निरीक्षणस्थळापर्यंत जाऊन-येऊन सुमारे 12 किलोमीटर चालण्याची तयारी हवी.

आमची खरी फसवणूक सायकलींच्या बाबतीत झाली. भाड्याने सायकली देणाऱ्या एका दुकानदाराने, सगळी वाट डांबरी आहे असे सांगून, चार विजेवरच्या सायकलींचे दिवसभराचे पूर्ण पैसे आगाऊ घेतले. डांबर आहे हे खरे, पण वाहून गेलेल्या भागाला वळसा घालणारी पायवाट अरुंद, मुळांनी भरलेली आणि चढ-उताराची आहे. आदल्या रात्रीच्या पावसाने तिचा चिखल झाला होता आणि त्या वजनदार सायकली दोघादोघांनी मिळून उचलून न्याव्या लागल्या. परतताना याच टप्प्यावर आमच्यातील एकाचा पाय घसरून गुडघा सोलवटला. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की विजेवरची सायकल घेऊ नका. हलकी साधी सायकल असेल तर न्या, नाहीतर सरळ चाला. उद्यानाचे प्रवेशशुल्क मोटारीमागे 30 डॉलर असून ते सात दिवस चालते. त्या पैशांबद्दल तक्रार नाही.

रस्ता का गेला हे सांडव्यावर उभे राहिल्यावर कळते. या नदीवर 1913 मध्ये 33 मीटर उंचीचे एल्वा धरण आणि 1927 मध्ये वरच्या अंगाला 64 मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅनियन धरण बांधले गेले. माशांना वर जाण्याची सोय ठेवावी असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा तेव्हाही होता, तरी एकाही धरणात ती ठेवली नाही, आणि समुद्रातून परतणाऱ्या सॅल्मन माशांना मुखापासून जेमतेम आठ किलोमीटरवर भिंत आडवी आली. या काठच्या मूळनिवासी लोअर एल्वा क्लालम जमातीने ही भिंत पडावी यासाठी अनेक वर्षे झुंज दिली. 1992 मध्ये अमेरिकी संसदेने त्यासाठी कायदा केला, तोडकाम मात्र सप्टेंबर 2011 मध्ये सुरू होऊन ऑगस्ट 2014 मध्ये संपले. दोन्ही जलाशयांत साचलेला सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ मोकळा झाला, त्यातला मोठा भाग नदीने खाली आणला, आणि मोकळे झालेले पात्र कूस बदलू लागले. एल्वा आणि अल्टेअर हे तंबू ठोकण्याचे दोन्ही तळही नदीनेच नेले. चिखलाने माखलेल्या अवस्थेतही मला हे पटले की जी नदी खडी हलवते तीच नदी सॅल्मनला अंडी घालायला जागा देते. काठाला दगडी भिंती बांधून रस्ता वाचवायचा म्हटला, तर धरण पाडून मिळवलेले आपण पुन्हा गमावू.

सांडव्यावरून मासे दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. खाली खोल घळ आहे आणि जुन्या जलाशयाच्या तळावर उगवलेले कोवळे रान आहे, ते मात्र पाहण्यासारखे आहे. मासे पाहायचे असतील तर सोल डक नदीवरील सॅल्मन कॅस्केड्सला जावे, जेथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये कोहो जातीचे सॅल्मन प्रपातावर उड्या मारतात. तेथे मोटार अगदी जवळ जाते. आम्ही एका तासात अकरा उड्या मोजल्या, आणि सायकलींचा सारा राग तेथेच निवला. आपल्याकडे बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण तो वेगळ्याच कुळातला मासा. पॅसिफिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, पुन्हा नदीत येऊन अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या कलेवरांवर अस्वले, गरुड, पाणकिडे आणि काठची झाडे पोसली जातात, म्हणून काठावर मेलेला मासा दिसला तर तो तसाच राहू द्यावा.

सगळ्यांत महत्त्वाची सूचना पाण्यात न उतरण्याची आहे. मादी शेपटीने खडी उकरून उथळ पाण्यात अंडी घालते आणि ती अंडी हिवाळाभर दगडांखाली असतात. वरून ती जागा भोवतालच्या दगडांपेक्षा जरा फिकट, धुतल्यासारखी दिसते एवढेच. आमच्या डोळ्यांदेखत एक कुटुंब छायाचित्रासाठी अशाच उथळ्यातून चालत गेले, त्यांचा कुत्राही मागोमाग गेला. आम्ही जाऊन सांगितले तेव्हा त्यांनी ऐकले. तुम्हीही संकोच न करता सांगा. 2011 पासून एल्वावर मासेमारीला बंदी आहे. क्लालम जमातीला मात्र 2023 मध्ये मोजक्या कोहोंची पारंपरिक मासेमारी करता आली. इतरांनी गळ मोटारीतच ठेवावा.

दुसऱ्या दिवशी नदीमुखाशी गेलो. प्लेस रोडच्या टोकाला गाडी लावायला जागा थोडी आहे, म्हणून नऊच्या आत पोहोचा. गाळाने नव्याने घातलेली वाळूची पुळण सपाट आहे आणि गुडघा दुखत असला तरी चालता येते.