विधेयक संमत झालं म्हणजे कायदा झाला असं नाही

परवा बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, 'विधानसभेत पास झालं, उद्यापासून नवीन कायदा लागू', आणि लगेच अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं की थांबा, अजून लागू झालेला नाही. तर सगळे विचारायला लागले की मग कधी? म्हणून इथे नीट लिहितोय.

मंत्री सभागृहात विधेयक मांडतात त्याला पुरःस्थापना म्हणतात, मग चर्चा आणि त्यानंतर एकेक खंड, म्हणजे कलम, घेऊन मतदान. नरिमन पॉइंटच्या विधानभवनात मी एकदा पास काढून गॅलरीत बसलो होतो. खाली अध्यक्ष भराभर म्हणत होते, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, खंड विधेयकाचा भाग झाले. कायदा खरा घडतो तो इथे, कारण दुरुस्ती सुचवायची तर याच टप्प्यावर, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कोणाचं तरी आयुष्य बदलतं. पण आपलं लक्ष सगळं गोंधळाच्या बातम्यांकडे!

२८८ जणांच्या विधानसभेने मंजूर केलं की ते ७८ जणांच्या विधान परिषदेत, म्हणजे वरच्या सभागृहात जातं. साधं विधेयक परिषद कायमचं रोखू शकत नाही, पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवलं तर एक महिना, बस्स. शेवटी राज्यपालांची सही. ते परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात.

आता जादूटोणाविरोधी कायदाच घ्या. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने मंजूर केला, परिषदेत अडकला, २००९ ला विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे सगळं पहिल्यापासून. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला, म्हणजे अधिवेशन नसताना काढायच्या तात्पुरत्या कायद्याला, मान्यता दिली. जे इतकी वर्षं होत नव्हतं ते एका दिवसात, याचा राग मला अजून येतो. अध्यादेश अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडेच टिकतो, म्हणून डिसेंबरमध्ये नागपूरला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं.

तेव्हा आमचे लालबागचे काका, पक्के वारकरी, फार अस्वस्थ होते, कोणीतरी सांगितलं होतं की आता वारी बंद होणार. मी कायद्याची मराठी प्रत प्रिंट काढून नेली. काकांनी चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली, शेवटच्या अनुसूचीतली अघोरी प्रकारांची १२ कलमंही. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असं लिहिलेलं कलम आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि काकूंना आतून हाक मारली, "अगं, इथे बघ काय लिहिलंय."