कोडाक्रोममधला रविवार

आज पुन्हा जुन्या अमेरिकन स्लाइड्स, म्हणजे उजेडात धरून किंवा पडद्यावर पाहायच्या छोट्या पारदर्शक फोटोफिल्म. 1950 च्या दशकातली अमेरिका म्हटलं की लख्ख ऊन, हिरवळीवर ओळीने उभं कुटुंब, बाईच्या हातात पांढरे हातमोजे आणि मागे चकचकीत गाडी. चित्र खोटं नाही. पण ते बरंचसं फिल्मने निवडलेलं आहे.

कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म. तिचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, तेव्हा एएसए 10, म्हणजे फारच कमी. भर उन्हात लेन्सचं छिद्र एफ/6.3 ला (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटर 1/50 सेकंद, असा साधारण हिशेब. तीच फिल्म स्वयंपाकघरात नेली तर खिडकीजवळसुद्धा लेन्स एफ/3.5 पर्यंत उघडून शटर जवळपास अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागे. भांडी घासणारी बाई तेवढा वेळ पुतळ्यासारखी कशी उभी राहणार? फ्लॅशचा बल्ब एकदाच जळायचा, आणि उन्हासाठी बनवलेल्या फिल्मला निळाच बल्ब लागायचा. म्हणून मंडळी अंगणात, सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभी. शिवाय रोल महाग. 1954 पर्यंत अमेरिकेत कोडाक्रोमच्या किमतीतच फिल्म धुण्याचे (डेव्हलप करण्याचे) पैसे धरलेले असत. कॅमेरा बाहेर निघायचा तो ईस्टरला, नाताळात, लग्नात. मंगळवारचा विटका घरचा झगा आणि डोक्यातले कर्लर सापडले तर नशीब. 1961 मध्ये कोडाक्रोम 2 आली, वेग 25. सावलीतले, जरा हलते प्रसंग त्यानंतर टिपणं सोपं झालं.

रंगांच्या बाबतीतही घाई नको. अंधारात ठेवलेली कोडाक्रोम अजून ताजी दिसते, त्याच काळातली एक्टाक्रोम ही कोडॅकचीच दुसरी स्लाइड फिल्म लालसर होते आणि कोडाकलर या निगेटिव्ह फिल्मचे सुरुवातीचे कागदी प्रिंट पिवळे पडतात. त्यामुळे पिवळ्या प्रिंटवरून ‘फ्रॉक मोतिया होता’ असं लिहू नये. आधी शर्टाची कॉलर किंवा टेबलक्लॉथ असं काहीतरी नक्की पांढरं शोधावं आणि बाकीचे रंग त्याच्याशी ताडून पाहावेत.

साल ठरवताना कपडा फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतो. 1942 च्या, म्हणजे महायुद्धाच्या काळातल्या, एल-85 या अमेरिकन सरकारी हुकुमाने कापड वाचवण्यासाठी स्कर्टच्या दुमडीवर 2 इंचांची मर्यादा घातली होती. 12 फेब्रुवारी 1947 ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर दिओरने भरपूर घेराचे, पोटरीपर्यंतचे स्कर्ट दाखवले. म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या बायकांनी जुने कोट फेकून दिले असं थोडंच आहे! 1950 च्या फोटोत 1943 चा कोट अगदी बिनधास्त दिसतो. गाडीचंही तेच: पुढे चार दिवे असतील तर फोटो साधारण 1957 च्या आधीचा नसतो, पण गाडी दहा वर्षं जुनीही असू शकते. प्रिंटच्या कडेला छापलेला महिना धुलाईचा, काढल्याचा नव्हे. नाताळच्या झाडाखाली ‘एप्रिल’ वाचून गोंधळू नये. रोल संपायलाच तेवढे दिवस लागत.

जाहिरातीचं साल मात्र तिच्यातल्या कापून पाठवायच्या कुपनच्या पत्त्यात सापडतं. ‘न्यूयॉर्क 17, एन. वाय.’ असा शहराच्या नावापुढे आकडा असेल तर जाहिरात 1943 नंतरची. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिनकोड) 1 जुलै 1963 पासूनचा. चित्रावर विश्वास सगळ्यात कमी. फॅशनच्या रेखाटनात बाईची उंची नऊ डोक्यांएवढी, प्रत्यक्षात साडेसात. फोटोतला ड्रेस पाठीमागून चिमट्यांनी आवळलेला. पाँटिॲक या गाड्यांच्या जाहिरातींत चित्रकार आर्ट फिट्झपॅट्रिक गाडी मुद्दाम रुंद आणि बसकी काढत. आसपासची देखणी माणसं व्हॅन कॉफमन यांची. सर्वसामान्य घरात काय घातलं जायचं हे पाहायचं असेल तर मला टपालाने माल विकणाऱ्या सिअर्स कंपनीचा कॅटलॉग जास्त भरवशाचा वाटतो: कापड, मापं आणि किंमत, तिन्ही शेजारी छापलेलं.

कोण दिसतं हाही प्रश्न आहेच. मोठ्या साप्ताहिकांच्या जाहिरातींतलं कुटुंब जवळपास नेहमी गोरं. कृष्णवर्णीय वाचकांसाठीचं एबनी मासिक 1945 मध्ये निघालं. कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांनी 1956 मध्ये लाइफ साप्ताहिकासाठी अलाबामातल्या मोबील शहरात काढलेला एक रंगीत फोटो सावकाश पाहण्यासारखा आहे. फिक्या निळसर ड्रेसमधली बाई, शेजारी पांढऱ्या फ्रॉकमधली छोटी मुलगी, आणि डोक्यावर लाल निऑनमध्ये ‘कलर्ड एंट्रन्स’, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठीचं वेगळं दार. बाईच्या आतल्या स्लिपचा पट्टा दंडावर घसरलेला. जाहिरातीचे फोटो सजवून देणाऱ्या रिटचरने तो पट्टा आधी पुसला असता. कपड्यांची ऐट मात्र कुठल्याही जाहिरातीच्या तोडीस तोड.

आता स्कॅनिंग. छापील पान 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके), स्कॅनरमधली ठिपके पुसणारी ‘डीस्क्रीन’ सोय चालू ठेवून घ्यावं, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांतून लाटांसारखी जाळी उमटते. पानामागे काळा कागद ठेवला की पाठीमागचा मजकूर चित्रात उतरत नाही. कोडाक्रोमसाठी स्कॅनरची इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून पुसणारी सोय बंद ठेवावी. या फिल्ममध्ये इन्फ्रारेड किरण अडतात, सॉफ्टवेअर त्यालाच धूळ समजतं आणि केसांच्या, कोटाच्या कडा खाऊन टाकतं. धूळ ब्लोअरनेच उडवावी. स्लाइड उलटी बसली आहे का हे फोटोतल्या पाटीच्या अक्षरांवरून कळतं. पाटी नसेल तर पुरुषाच्या कोटाचा छातीवरचा खिसा बघावा. तो त्याच्या डाव्या बाजूलाच हवा.