कॉमिक्सची भिशी

सांगलीत भिशी कशाची नसते? सोन्याची असते, साड्यांची असते, गणपती पेठेतल्या दुकानदारांची आपापसांत असते, आणि एक तर मला माहीत आहे जी निव्वळ मटणाची आहे. पैसे नावाला, रस्सा खरा. आमची कॉमिक्सची आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी विश्रामबागेत, डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत जमायचं, प्रत्येकी पाचशे काढायचे आणि चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव निघेल त्यानं त्या पैशांची कॉमिक्स आणायची आणि ती सगळ्यांच्या घरून फिरवायची. भिशी लागली त्याची चैन, हा मूळ नियम आम्ही मोडलाय खरा. पण कॉमिक्सवाल्याला एकट्यानं वाचून चैन पडत नाही, हेही तितकंच खरं.

चिठ्ठीआधी एक फेरी होते. या महिन्यात कुणी काय वाचलं ते सांगायचं. पैशांचा हिशेब चहा येईपर्यंत होतो. या फेरीचा हिशेब आजवर एकदाही जुळलेला नाही.

जुळणार तरी कसा? कादंबरीवाल्यांचं बरं असतं, पुस्तक संपलं की एक आकडा वाढला. इथं मोजायचं काय? अंक मोजावेत तर कुणाचा अंक बत्तीस पानांचा आणि कुणाचा विटेएवढा जाड. पानं मोजावीत तर एका पानावर नऊ चौकटी आणि दुसऱ्यावर एकच, त्यात पाऊस पडतोय आणि कुणी काही बोलत नाहीये. ते पान 'वाचायला' किती वेळ द्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमचे डॉक्टर दोन सेकंद देतात. चित्रकलेचे सर तेच पान घेऊन खिडकीपाशी उजेडाला जातात, ते चहा गार होईपर्यंत परत येत नाहीत.

गेल्या फेरीत सायलीनं तोफ डागली. ही आमच्यातली सगळ्यांत लहान, इंजिनिअरिंगला आहे आणि फक्त मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स वाचते.

"एकशे ऐंशी चॅप्टर, काका."

काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, फेरीची वही सांभाळणारे. त्यांनी पेन थांबवलं. "एकशे ऐंशी? आणि परीक्षा नव्हती वाटतं?"

"होती की. म्हणून तर."

मांगाचा एक चॅप्टर साधारण सतरा-अठरा पानांचा. काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि तीन हजार पानांच्या पुढं गेल्यावर सोडून दिला. ती वाचते ते 'वन पीस' एइचिरो ओदा 1997 पासून जपानमधल्या एका साप्ताहिकात काढतोय. 2021 मध्येच त्याचे शंभर खंड झाले होते. म्हणजे सायलीचा जन्म व्हायच्या आधीपासून ही गोष्ट चालू आहे आणि तिची नोकरी लागून लग्न झालं तरी संपेल याची खात्री नाही. नवा चॅप्टर रविवारी रात्री साडेआठला मोबाइलवर येतो, कारण तेव्हा तिकडं सोमवार लागलेला असतो. त्यामुळं आमची भिशी कितीही रंगली तरी सव्वाआठनंतर सायलीचं लक्ष नसतं.

"आणि यातलं लक्षात किती राहिलं?" डॉक्टरांनी विचारलं. डॉक्टरांनी हे विचारायला नको होतं. त्यांच्या टॅबलेटवर विकत घेऊन ठेवलेली इंग्रजी कॉमिक्स इतकी साठली आहेत की दर बुधवारी अमेरिकेत नवे अंक आले की जुने आणखी खाली ढकलले जातात. त्यांचा हिशेब दर महिन्याला सारखाच: घेतली भरपूर, वाचली थोडी, पुढच्या महिन्यात नक्की. खरी कॉमिक्स त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर वाचली जातात. मुलांसाठी म्हणून ठेवलेल्या गठ्ठ्यातून आधी बापे माणसं एकेक उचलतात, आणि दाढ ठणकत आलेला माणूस नंबर पुकारला तरी 'दोन पानं राहिलीत' म्हणून पुढच्याला आत पाठवतो.

मग काकांची पाळी आली.

"माझा एक अंक. वेताळाचा. आणि तोही वाचलेलाच."

यावर वाद झाला. वाचलेलं परत वाचलं तर ते धरायचं का? सायली म्हणाली, काका, असं असेल तर माझे तीनशे होतील. डॉक्टर म्हणाले, नियम म्हणजे नियम, नवं असेल तेच धरा. सर म्हणाले, "मग माझं नाव काढूनच टाका की वहीतनं. नवं कोण वाचायलाय इथं?"

माझं मत सरांच्या बाजूनं आहे, आणि त्याला नुसतं म्हातारपण कारणीभूत नाही. वेताळाच्या अंकाचंच बघा. वेताळ म्हणजे इंग्रजीतला 'फँटम', जंगलात कवटीच्या गुहेत राहून चाच्यांशी लढणारा मुखवटेवाला. मुंबईच्या टाइम्सवाल्यांनी 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि 1990 मध्ये बंद केली. त्यात वेताळ होता, जादूगार मॅन्ड्रेक होता, पुढं 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, केशरी कुडता आणि जीन्स घालून. पण वेताळाच्या त्या गोष्टी मुळात अंकासाठी लिहिलेल्या नव्हत्याच. ली फॉकनं 1936 पासून त्या अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी लिहिल्या, रोज एक पट्टी, तीन-चार चौकटींची. तिकडच्या वाचकानं एक गोष्ट रोज चहाबरोबर थोडी थोडी करत कित्येक आठवडे वाचली. इंद्रजालवाल्यांनी त्याच पट्ट्या कापून, जोडून, पानांवर बसवल्या. म्हणून तर त्या अंकांत दर थोड्या चौकटींनी कुणी तरी आधी काय झालं ते पुन्हा सांगतं. 'म्हणजे चाच्यांनी डायनाला पळवलं तर!' अरे, आत्ताच तर पळवलं, आम्ही बघितलं की. पण ते वाक्य काल पेपर चुकवलेल्या माणसासाठी होतं.

म्हणजे आठवड्यांचा ऐवज आम्ही वीस मिनिटांत संपवत होतो. सायलीनं एकोणतीस वर्षांची जपानी कमाई परीक्षेच्या महिन्यात ओरपली म्हणून काकांनी भुवया उंचावल्या, पण गणपती मंदिराच्या रस्त्यावर दोरीला टांगलेली कॉमिक्स भाड्यानं घेऊन पायरीवर बसल्या बसल्या संपवणारी काकांची पिढी वेगळं काय करत होती? फरक इतकाच की त्यांचं लगेच संपायचं आणि पुढचं हातात नसायचं. भाडं दिवसाचं दिलेलं, अंक उद्या सकाळपर्यंत आपला. मग तोच पुन्हा. ताटाशेजारी उघडा ठेवून, आईची बोलणी खात, आमटीचा एखादा थेंब पाडून. रात्री भावाच्या हातातून ओढून. सकाळी परत करायला जाताना रस्त्यानं चालता चालता.

आणि कॉमिक्स खरं दिसायला लागतं ते या दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात. पहिल्यांदा डोळे संवादांच्या फुग्यांमागं पळत असतात. पुढं काय, पुढं काय. चित्र नुसतं वाटेत लागतं. गोष्ट कळल्यावर डोळ्यांना सवड मिळते. मग दिसतं की वेताळाचा जंगलातला सोबती गुरन मागं उभा आहे आणि त्याचं तोंड कुणाच्या बोलण्यावर वाकडं झालंय. साय बॅरीनं 1961 पासून वेताळ काढायला घेतला, त्याच्या जंगलात पानांमागं एवढा दाट काळोख असतो की आम्ही त्यात नसलेली जनावरंसुद्धा शोधली आहेत.

काकांनी तो अंक आणलाच होता. बाइंडिंग केलेला खंड, त्यात आठ-दहा अंक. सरांनी खिशातून भिंग काढलं आणि वेताळाच्या जांभळ्या पोशाखाच्या दंडावर धरलं. जांभळा रंग नाहीच तिथं. लाल ठिपके आणि निळे ठिपके, शेजारी शेजारी, मधूनमधून पिवळट कागद. छापताना निळी प्लेट केसभर सरकलेली, त्यामुळं दंडाच्या एका कडेला निळी किनार बाहेर आलेली आणि दुसरीकडं लालसर कड उघडी पडलेली. लांबून तो वेताळ हलल्यासारखा वाटतो. लहानपणी मला वाटायचं तो चपळ आहे म्हणून तसा काढलाय. सर म्हणाले, "छापखान्याची कृपा."

जांभळ्याचीही गंमतच आहे. फॉकच्या डोक्यात करड्या रंगाचा पोशाख होता म्हणे. पेपरात काळ्या-पांढऱ्या पट्टीत ते खपून गेलं. 1939 मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा निघाला आणि जांभळाच राहिला. स्वीडन-नॉर्वेकडं तो निळा असतो, इटलीत लाल. जंगलात लपून राहणाऱ्या माणसाला यातला एकही रंग कामाचा नाही, हा प्रश्न आम्हाला मोठेपणी पडला. चौथीत असताना पडला नव्हता.

त्या खंडात आणखी एक रंग आहे, तो कुणी छापलेला नाही. काकांचं घर गावभागात. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा त्यांच्या कपाटाचा खालचा खण बुडाला. या खंडाला थोडंच पाणी लागलं, पण ते पानापानांत एकाच उंचीवर चढून वाळलं. आता प्रत्येक पानावर खालून चार बोटांवर एक तपकिरी रेघ आहे. गोष्ट कुठलीही असो, कवटीच्या गुहेतली किंवा समुद्रातली, खालच्या ओळीतले सगळे लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोलतात. "वेताळाला पण बोटीतनं काढावा लागला असता," काका म्हणतात, आणि वहीत तो अंक 'वाचला' म्हणून लिहितात. मला नाही वाटत डॉक्टरांच्या टॅबलेटवरच्या कॉमिक्सला असं काही सुचेल.

सरांचा स्वतःचा हिशेब निराळाच असतो. या खेपेला त्यांनी 'औंधचं रामायण' लिहायला लावलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी रामायणाचे प्रसंग रंगवून 1916 मध्ये पुस्तक काढलं होतं. सर औंधच्या संग्रहालयात वर्षातून एकदा तरी जातातच. डॉक्टरांनी हरकत घेतली: पानावर एकच चित्र, फुगे नाहीत, चौकटी नाहीत, हे कॉमिक्स कसलं? सर म्हणाले, एका चित्रातनं दुसऱ्या चित्रात जाताना मधलं जे घडलं ते तुम्ही डोक्यात भरता का नाही? मग झालं तर. मधे सुटलेल्या जागा भरायच्या, हेच तर करतो आपण. काकांनी मग किर्लोस्करवाडी काढली. मासिक वाचायची सवयच मुळी आपल्या जिल्ह्यानं लावली, 1920 मध्ये कारखान्याच्या वसाहतीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं, आणि ते काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढायचे. याचा मुद्द्याशी काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. सांगलीत किर्लोस्करवाडीचं नाव निघालं की संबंध विचारायचा नसतो.

माझी पाळी शेवटी. मी 'चिंटू' सांगितला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केलेली ती पट्टी मी तेव्हा रोज एक वाचायचो, आता पुस्तकातून वाचताना एका बैठकीत महिना उरकतो. आणि खरं सांगायचं तर रोज एक वाचताना तो जास्त हसवायचा. एकदम वीस वाचल्या की हसू पातळ होतं. तरी हात थांबत नाही, हा भाग निराळा.

शेवटी तंटा मिटवला काकांनीच, बँकेच्या भाषेत. नवं वाचन ते मुद्दल, परत वाचलेलं ते व्याज. दोन रकाने करायचे. मुद्दल कितीही लहान असो, व्याज खायला बंदी नाही. डॉक्टर पुटपुटले की त्यांचं सगळंच मुद्दल पडून आहे, त्याचं काय? "थकीत खातं," काका म्हणाले आणि खरोखरच तिसरा रकाना आखला.

चिठ्ठी सायलीला लागली. आम्हाला वाटलं आता काही तरी नवं येणार. तिनं 'वन पीस'चे पहिले खंड छापील मागवायचं ठरवलं, जे तिचे मोबाइलवर दोनदा वाचून झालेत.

"वाचलेल्यावर पैसे घालायचे?" डॉक्टर.

"फोनवर ते पान एवढंसं दिसतं हो डॉक्टरकाका. दोन्ही पानांवर पसरलेलं चित्र मधनं कापलं जातं. मला ते अख्खं बघायचंय."

सरांनी भिंग खिशात टाकलं आणि "मंजूर" म्हणाले. मग नंबर लावले. पहिला काकांचा, वयामुळं. डॉक्टरांचा मुद्दाम शेवटचा, म्हणजे खंड थकीत खात्यात जाऊन अडकायला नको. सायलीनं आपला नंबर लावलाच नाही. ती म्हणाली, मला फक्त काकांच्या घरी यायचंय, ते मांगा उजवीकडून डावीकडं वाचताना कुठं अडकतात ते बघायला.

"ये की," काका म्हणाले. "येताना भडंग आण. आणि साडेआठच्या आत जायचं."