हरळीचा भाव

कापसाच्या वावरात हरळी घुसली की आमच्याकडचा माणूस हबकतो. वरवर निंदली तर पंधरवड्यात परत उभी. खोल नांगरट करून, ढेकळं फोडून, काशा (जमिनीखालचे दांडे) वेचून बांधावर उन्हात टाकाव्या लागतात. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शेतात उन्हाळी सुट्टी म्हणजे हेच काम. आज माझं पोट त्याच हरळीवर चालतं. जळगावात ठिबकचं काम शिकलो आणि आखातात गोल्फच्या मैदानांना पाणी देणाऱ्या यंत्रणा सांभाळायला लागलो. तिथलं बरंचसं गवत बर्म्युडा गवताची संकरित जात असतं, आणि त्या संकरातला एक पालक म्हणजे आपल्या बांधावरची हरळी.

दुबईत गवताचं पहिलं अठरा होलचं (चेंडू घालायच्या खड्ड्यांचं) मैदान १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबात सुरू झालं. आता तिथे अशी बरीच आहेत, आणि त्यांना पाजायचं पाणी मुख्यतः शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं. पाणी रात्री सोडायचं, कारण दिवसा वारा ते उडवून नेतो आणि खेळणारेही मैदानात असतात. डिसेंबर-जानेवारीत चांगल्या मैदानावर एका फेरीचे (सगळे होल एकदा खेळण्याचे) हजार दिरहमच्या आसपास, कुठे त्याहून जास्त मोजावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये तेच मैदान कितीतरी स्वस्त, कारण चाळीस-पंचेचाळीस अंशांत उभं कोण राहणार? स्कॉटलंडमध्ये बरोबर उलटं. तिथे उन्हाळ्यात भाव चढतो आणि हिवाळ्यात उतरतो.

गावी गेलो की हमखास कुणीतरी म्हणतं, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. काठ्या आणि चेंडूंच्या किमती ऐकून लोकांना तसं वाटतं. पण जुना सेट घेतला तर काठ्यांचा खर्च एकदाच होतो. खेळ महाग की स्वस्त, हे मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं. हे मला माझ्या कामापेक्षा आप्पांमुळे जास्त नीट कळलं.

पुतण्या स्कॉटलंडमधल्या डंडीला शिकायला होता. त्याला भेटायला आप्पांना घेऊन गेलो, तेव्हा तिथून जवळच्या सेंट अँड्र्यूज गावाला जाऊन आलो. रविवार होता. तिथलं मैदान ओल्ड कोर्स, म्हणजे गोल्फवाल्यांची पंढरी, रविवारी खेळाला बंद असतो. (मोठी स्पर्धा असली तर गोष्ट वेगळी.) त्या दिवशी कुणीही आत जाऊन फिरावं. लोक कुत्री घेऊन आलेले, पोरं पळत होती, मैदानातल्या स्विल्कन पुलावर फोटोसाठी रांग. आप्पा धोतर-टोपीत त्या हिरवळीवर चालले, मध्येच वाकून गवत चिमटीत धरून पाहिलं आणि विचारलं, "हाई जमीन कोनी शे?" मी म्हटलं, गावाची. "मंग हाई ते गायरान शे!"

गायरानच आहे ते. १५५२ च्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे गुरं चारायचा, खेळायचा हक्क मान्य केलेला आहे. पुढचं ऐकून तर आप्पा रंगातच आले, कारण गोष्ट अगदी आपल्याकडची. गावाचा कारभार कर्जात बुडाला आणि १७९७ मध्ये ही जमीन विकावी लागली. नव्या मालकांनी तिथे ससे पाळले. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली. गावकरी ससे मारायला लागले, भांडण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी ती विकत घेतली आणि खेळ वाचला. १८९४ च्या कायद्याने जमीन पुन्हा गावाकडे आली. आज एक ट्रस्ट ओल्ड कोर्ससह सात मैदानं चालवतो, आणि सगळी सार्वजनिक आहेत.

आता भाव बघा. भर उन्हाळ्यात बाहेरच्या पाहुण्याला ओल्ड कोर्सवर एका फेरीला तीनशे पौंडांहून जास्त पडतात, आणि तेही बरेचदा सोडतीत नाव निघालं तर. तिथल्या रहिवाशाचा वर्षभराचा पास मात्र पाहुण्याच्या दोन फेऱ्यांच्या पैशांत आरामात निघतो. आप्पांना हा हिशेब फार आवडला. गायरान गावाचं, मग बाहेरच्याने दाम मोजावा, यात त्यांना काहीच गैर दिसेना.

अमेरिकेतही असं आहे, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. तिथली बहुतेक मैदानं पैसे भरून कुणालाही खेळता येतात. न्यूयॉर्कजवळचं बेथपेज ब्लॅक तर सरकारी उद्यानात आहे. २००२ मध्ये गोल्फची यूएस ओपन तिथे झाली. राज्याच्या रहिवाशाला एक दर, बाहेरच्याला त्याहून बराच जास्त, आणि नंबर लागावा म्हणून लोक पार्किंगमध्ये गाडीतच रात्र काढतात.

जपानची तऱ्हा वेगळी. आमच्या साइटवर पंपाच्या कामाला एक जपानी इंजिनिअर आले होते, त्यांच्या तोंडून ऐकावं असं प्रकरण. तिथे क्लबचं सभासदत्व शेअरसारखं विकता येतं, त्याचे दलाल असतात. १९९० च्या सुमारास तेजी फुगली होती तेव्हा टोकियोजवळच्या कोगानेई क्लबचं सभासदत्व चाळीस कोटी येनच्या वर गेलं होतं. फुगा फुटल्यावर कित्येकांचे पैसे बुडाले. फेरी खेळताना नऊ होल झाले की सगळे जेवायला बसतात, उरलेले नऊ जेवणानंतर, आणि शेवटी गरम पाण्याची अंघोळ. सरकार दर माणशी मैदान वापरल्याचा कर घेतं तो निराळाच. मला सगळ्यात गंमत वाटली ती विम्याची. एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला तर त्या नशीबवानाने सोबत्यांना मेजवानी आणि भेटी द्यायच्या, असा रिवाज. तो खर्च झेपावा म्हणून लोक विमा काढून ठेवतात!

कोरियात जमीन कमी आणि हौस फार, म्हणून इमारतीतल्या खोलीत पडद्यावर गोल्फ खेळतात. थंडीत त्यांचे जथ्थे थायलंडला जातात. तिथे बहुतेक मैदानांवर प्रत्येकामागे बॅग सांभाळणारी एक कॅडी घ्यावीच लागते, बहुतेक बायाच असतात, आणि बक्षिसी न देता निघालं तर ते वाईट दिसतं. स्कॉटलंडमध्ये म्हातारे स्वतःची बॅग स्वतःच ओढत होते.

आपल्याकडचं गणित मला पटत नाही. दिल्ली गोल्फ क्लब राजधानीच्या ऐन मध्यात, सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्याने. एकदा सभासद झालं की खेळणं जगाच्या मानाने स्वस्त, पण सभासद व्हायला प्रतीक्षायादीत दशकं जातात. लष्कराची मैदानं लष्करवाल्यांसाठी. कुणीही पैसे भरून खेळावं असं दिल्ली विकास प्राधिकरणाचं कुतुब गोल्फ कोर्स आहे, पण अशी ठिकाणं थोडी. जमीन जनतेची असून जनतेला कुंपणाबाहेर ठेवायचं, हे सेंट अँड्र्यूजच्या म्हाताऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा सशांच्या वेळेसारखी लढाई लावली असती.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे नाशिकचं गोल्फ क्लब मैदान. खानदेशातून नाशिकला कामानिमित्त जाणाऱ्या कुणालाही ते माहीत असतं. सभा होतात, मोर्चे निघतात, रणजी सामने झालेत, सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात. गोल्फ तेवढा होत नाही, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. तिथे आत जायला कुणाचं सभासदत्व लागत नाही.

मात्र एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर. तो दिल्ली गोल्फ क्लबातला कॅडी होता, दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकलेला. १९९३ मध्ये त्याने ती स्पर्धा परत जिंकली.