ढगाळ दिवसाचा लाईट

रविवार, रात्री साडेदहा

पाय लई दुखतायत, पण आजचं लिहून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही. पहाटे गल्लीतल्या काकांबरोबर मसाई पठारावर गेलो होतो. त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता, तो कधीच बंद केला, पण डोंगरातले फोटो काढायचं काही सुटलं नाही.

पन्हाळा मागं टाकला तर पुढं नुसतं धुकं. मी म्हटलं, काका आजचा दिवस गेला, लाईटच नाही. काका ट्रायपॉड उघडत म्हणाले, "लेका, हाच तर लाईट." आणि मग तासभर एकाच दगडासमोर बसले. ओला जांभा, भोवती सोनकीची चार-पाच फुलं, बास. मला बोलावून म्हणाले यातनं बघ. ओल्या दगडावर आभाळाची पांढरी चकाकी होती, त्यांनी लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी काच, हळूहळू फिरवला आणि ती चकाकी उतरत गेली, खालनं दगडाचा तांबडा रंग वर आला, विटेपेक्षा गडद, कडेला शेवाळाचा हिरवा. तो रंग तिथंच होता की, मला दिसत नव्हता एवढंच. कडक उन्हात पानं पांढरी चमकतात आणि सावल्या काळ्या पडतात, ढग असले की प्रत्येक पान आपापला हिरवा दाखवतं, हे मी इतकी वर्षं पावसात राहून कधी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर एलियट पोर्टरचे फोटो परत काढून बसलो. हा अमेरिकन माणूस शिकून डॉक्टर झालेला, पक्ष्यांचे फोटो काढता काढता रंगीत फिल्मकडं वळला, आणि तेही अशा काळात जेव्हा कलेचा फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाईटच असं भलेभले मानायचे. त्याच्या फोटोत मोठा सूर्यास्त क्वचितच, बहुतेक झाडाची साल, पडलेली पानं, ओढ्यातले दगड असलंच. आणि प्रिंट डाय ट्रान्सफरनं, म्हणजे एका फोटोचे तीन रंगांचे तीन भाग करायचे आणि एकाच कागदावर एकावर एक तंतोतंत बसवायचे, केसभर सरकलं तरी फोटो पुसट. एका प्रिंटमागं एवढी मेहनत! अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन या दरीतले त्याचे फोटो बघताना तर पोटात कालवतं, 1963 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि त्यातल्या कितीतरी जागा पाण्याखाली गेल्या.

डोंगरांचे फोटो काढणारा दुसरा अमेरिकन, गॅलन रोवेल, मात्र एकदम वेगळा, पळणारा गडी. 1981 मध्ये तिबेटात ल्हासाला इंद्रधनुष्य दिसलं तर ते पोताला राजवाड्यावर बरोबर उतरावं म्हणून हा त्या विरळ हवेत धावत सुटला. 2002 मध्ये विमान अपघातात गेला. त्याचे फोटो बघून छाती भरून येते, खोटं कशाला बोलू, पण आज मन पोर्टरकडंच जातंय.

आणि आपल्याकडं आबालाल रहमान होतेच की. ते चित्रकार, पण रंकाळ्याचं पाणी आणि त्यावरचा उजेड त्यांनी रंगात पकडला तो असाच रोजचं बघून बघून. कोल्हापूरच्या माणसाला ही नजर परकी वाटायला नको, तरी मी रंकाळ्यावर कायम सूर्य मावळायच्या वेळीच कॅमेरा घेऊन उभा.

आज पठारावरनं येताना गाडी मुद्दाम रंकाळ्याकडनं घेतली. दुपारची वेळ, बारीक पाऊस, भेळेच्या गाड्यांवर ताडपत्री, चौपाटीवर चिटपाखरू नाही. पाणी करडं म्हणावं तर काठाकडं हिरवट, मधे शिशासारखं, आणि पलीकडची झाडं अर्धी पुसलेली. मोबाईलसुद्धा बाहेर काढला नाही, नुसता बघत उभा राहिलो, काकांनीपण घाई केली नाही. गल्लीच्या तोंडाशी उतरताना म्हणाले, "पुढच्या रविवारी पाऊस असला तर हाक मार. ऊन असलं तर झोप."